रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अँटिबायोटिक घ्यावे लागले तर

तुमच्या घरात आई, बाबा, आजी किंवा आबाजी यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ताप, खोकला, जुलाब, लघवीची जळजळ अशा कोणत्याही कारणासाठी दवाखान्यात गेल्यावर आजाराची कहाणी नंतर सांगा. आधी गोळीचे पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. संसर्गासाठी दिली जाणारी बरीच अँटिबायोटिक औषधे या गोळीचा जोर वाढवतात, एखादे औषध तो कमी करते, आणि यातले काहीही पहिले तीन-चार दिवस बाहेरून दिसत नाही. दिसते तेव्हा हिरड्यांतून रक्त येते, शौचाला काळे होते, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो.

हे वाचून गोळी मात्र बंद करू नका. हृदयाची कृत्रिम झडप, अनियमित ठोके, पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात झालेली गाठ, अशा कारणांसाठी ती दिलेली असते. झडप बसवलेल्या माणसाने ताप आला म्हणून स्वतःच्या मनाने आठवडाभर गोळी सोडली, तर झडपेवर रक्ताची गुठळी बसू शकते, किंवा ती सुटून मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. संसर्गही अंगावर काढायचा नसतो. म्हातारपणी न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग अंगात पसरला तर जीवावर बेततो. दोन्ही औषधे एकत्र देता येतात आणि दिलीही जातात. अट एवढीच, की अँटिबायोटिक लिहिणाऱ्याला गोळीची माहिती हवी आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला हवे.

आमच्या भागात घोटाळा होतो तो नेमका इथेच. हृदयाचे डॉक्टर अमरावतीला किंवा नागपूरला, तापाचे डॉक्टर गावात, दातांचे डॉक्टर तिसरीकडे, आणि जुलाबाची गोळी सरळ मेडिकलमधून. चार ठिकाणी चार कागद, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. चारही कागद ज्याच्या हातात असतात असा माणूस एकच: तुम्ही.

आधी गोळी ओळखा

'रक्त पातळ करणारी' या एका नावाखाली लोक तीन वेगळ्या प्रकारची औषधे सांगतात.

पहिला प्रकार ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचा. हार्ट ॲटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर या गोळ्या चालू असतात. त्या रक्तातील प्लेटलेट नावाच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यांच्यासाठी आयएनआर तपासावा लागत नाही, आणि नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिकांशी त्यांचे फारसे बिनसत नाही. त्यांचे वैर वेदनाशामक गोळ्यांशी आहे, त्याबद्दल पुढे.

दुसरा प्रकार वॉरफेरिन आणि एसिनोक्युमेरॉल. आपल्याकडे एसिट्रॉम, वॉर्फ अशा नावांनी त्या मिळतात. तुम्हाला दर महिन्याला पीटी-आयएनआर करायला सांगितले असेल, तर गोळी बहुधा यातलीच आहे. हा लेख मुख्यतः या गोळ्यांबद्दल आहे.

तिसरा प्रकार नव्या गोळ्यांचा: डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, ॲपिक्साबान. यांना नियमित आयएनआर लागत नाही, म्हणून बरेच लोक त्या पूर्ण निर्धोक समजतात. तशा त्या नाहीत.

गोळी रंगावरून लक्षात ठेवू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि एकाच औषधाच्या 1, 2, 3, 4 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला जवळजवळ सारख्या असू शकतात. पाकिटावर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. तो भाग शेवटच्या गोळीपर्यंत कापू नका, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असला तर आणखी चांगले.

आत नेमके काय घडते

जखम झाल्यावर रक्त गोठवणारी काही प्रथिने आपले यकृत बनवते. ती कामाची होण्यासाठी यकृताला के जीवनसत्त्व लागते. वॉरफेरिन आणि एसिनोक्युमेरॉल या के जीवनसत्त्वाचे काम अडवतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे आयएनआर सांगतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. अनियमित ठोक्यांसाठी गोळी असेल तर तो साधारण 2 ते 3 ठेवतात. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर बहुधा 2.5 ते 3.5. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला असतो, तो तुम्हाला पाठ हवा. आयएनआर 5 च्या वर गेला की रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढतो.

आता या तोललेल्या काट्यावर आजारपण येऊन पडते. काही अँटिबायोटिक औषधे यकृतातील त्या यंत्रणेला मंद करतात जी एरवी ही गोळी मोडून शरीराबाहेर काढते. गोळी तेवढीच खाल्ली, पण अंगात साचली जास्त. आतड्यातील काही जीवाणू थोडे के जीवनसत्त्व बनवतात, तेही अँटिबायोटिकने मरतात. तापात गोठवणारी प्रथिने लवकर खर्च होतात. आणि माणूस जेवत नाही. एरवी ज्यांच्या ताटात पालक, मेथी, चवळी, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी असते, ते आजारपणात चार दिवस नुसता वरणभात नाही तर मुगाची खिचडी खातात. के जीवनसत्त्व मुख्यतः हिरव्या पालेभाज्यांत असते, म्हणजे त्याची आवकही आटली. त्यामुळे 'कमी त्रासाचे' म्हणवले जाणारे अँटिबायोटिक दिले तरी आयएनआर वाढू शकतो. दोष नेहमी औषधाचाच असतो असे नाही, आजारपणाचाही असतो.

हे लगेच का दिसत नाही? रक्तात आधीच तयार असलेली प्रथिने संपायला वेळ लागतो. त्यातले एक महत्त्वाचे प्रथिन निम्मे व्हायलाच सुमारे अडीच ते तीन दिवस घेते. म्हणून दुसऱ्या दिवशी 'काही झाले नाही' असे वाटते आणि पाचव्या दिवशी नाकातून रक्त येते.

पालेभाज्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे: ही गोळी चालू असताना हिरवी भाजी बंद. बंद करायची नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढी नेमाने खायची. एका आठवड्यात रोज पालकाची पातळभाजी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असे झाले की आयएनआर हेलकावे खातो.

कोणती अँटिबायोटिक जास्त खटकतात

वॉरफेरिन किंवा एसिनोक्युमेरॉल घेणाऱ्यांनी दोन नावे पक्की लक्षात ठेवावीत. एक मेट्रोनिडाझोल, म्हणजे मेट्रोजिल किंवा फ्लॅजिल या नावाने मिळणारी गोळी. दुसरे कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम. ही दोन्ही गोळीचा जोर बराच वाढवतात. शक्य असेल तर डॉक्टर यांच्याऐवजी दुसरे औषध निवडतात. नसेलच पर्याय, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा आधीच थोडी कमी करून आयएनआर लवकर तपासतात. किती कमी करायची हे त्यांनी ठरवायचे. घरी अर्धी-पाव गोळी तोडून अंदाज करू नका.

मेट्रोनिडाझोलच्या कुळातली टिनिडाझोल आणि ऑर्निडाझोल ही औषधे जुलाबाच्या जोडगोळ्यांत असतात: नॉरफ्लॉक्सासिनबरोबर टिनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिनबरोबर ऑर्निडाझोल. या गोळ्यांतला जोडीदारही आयएनआर वाढवू शकणाऱ्या गटातला आहे. म्हणजे एका गोळीत दोन औषधे, आणि दोन्ही त्याच दिशेने ढकलणारी. शिवाय जुलाबात जेवण तुटलेले आणि अंगातले पाणी कमी झालेले. पावसाळ्यात गावोगावी हीच गोळी काउंटरवरून घेतली जाते. "जुलाबाची तं साधी गोळी हाय, त्याले काय डॉक्टरले विचारा लागते?" असे कुणी म्हणाले की मी त्यांना हाच हिशेब मांडून दाखवतो. बहुतेक साध्या जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लागते.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांच्यासोबतही आयएनआर चढू शकतो. ॲझिथ्रोमायसिनचा त्रास तुलनेने कमी, शून्य नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ही जोडी, आणि डॉक्सिसायक्लिन, यांना मधल्या गटात ठेवा. डॉक्सिसायक्लिनचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले आणि त्या आजाराचे ते मुख्य औषध आहे. तिथे ते घ्यायलाच हवे; आयएनआरच्या भीतीने टाळले तर आजारच घात करेल. सेफॅलेक्सिनचा त्रास सहसा कमी. लघवीच्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन हा सोयीचा पर्याय ठरतो, पण मूत्रपिंडे बऱ्यापैकी काम करत असतील तरच.

रुग्णालयात भरती असताना शिरेतून दिले जाणारे सेफोपेराझोन हेही ध्यानात ठेवण्यासारखे औषध आहे. ते स्वतःच के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. भरती करताना गोळीची माहिती सांगायची राहून गेली, तर इथे महागात पडते.

अँटिबायोटिक नसलेले, पण त्याच यादीत बसणारे एक औषध म्हणजे फ्लुकोनाझोल. गजकर्णासाठी ही गोळी आज सर्रास घेतली जाते, बऱ्याचदा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर. ती मेट्रोनिडाझोलइतकीच सावधगिरी मागते. तोंड आल्यावर आतून लावायचे मायकोनाझोलचे जेलसुद्धा आयएनआर वाढवते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. डोळ्यांत टाकायचे अँटिबायोटिकचे थेंब किंवा छोट्या जखमेवरचे मलम यांची मात्र चिंता नको.

चार गोळ्यांची पुडी

ताप-खोकल्याला मिळणाऱ्या पुडीत सहसा एक अँटिबायोटिक, एक वेदनाशामक, एक ॲसिडिटीची आणि एक सर्दीची गोळी असते. यात अँटिबायोटिकपेक्षा वेदनाशामक जास्त घातक ठरू शकते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड ही औषधे जठराचे अस्तर सोलतात आणि प्लेटलेटचे काम बिघडवतात. रक्त आधीच पातळ, त्यात जठरात जखम. तिन्ही प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना हे लागू आहे, ॲस्पिरिनलाही. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. पण तेही दिवसाला 2 ग्रॅम, म्हणजे 500 च्या चार गोळ्या, सलग काही दिवस घेतले तर आयएनआर थोडा वर सरकू शकतो, म्हणून डॉक्टरांना माहीत असू द्या.

आणखी एक आग्रह सोडा: "डॉक्टर, एक सुई लावून द्या." आयएनआर वाढलेला असताना कमरेत टोचलेल्या इंजेक्शनच्या जागी स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते.

वय, मूत्रपिंड आणि आपले पाणी

चाळिशीतला माणूस हे धक्के सहन करतो, सत्तरीतला करत नाही. वजन कमी झालेले असते, यकृत आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतात, बीपी-शुगरच्या चार-पाच गोळ्या आधीच चालू असतात, आणि रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती असते.

भातकुली, दर्यापूर हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. मूतखडा आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी इथल्या गावांत जुन्या आहेत. म्हणून आमच्याकडच्या वयस्कर रुग्णाचा क्रिएटिनिन अलीकडे तपासला आहे का, हे मी आयएनआरइतकेच आग्रहाने विचारतो. नव्या गोळ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. डॅबिगॅट्रानचा सुमारे 80 टक्के भाग मूत्रपिंडावाटे बाहेर जातो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, मूत्रपिंड मंदावले, की रोजचीच गोळी अंगात साचू लागते. तिथे आयएनआर बरोबर अंदाज देत नाही.

नव्या गोळ्यांचे अँटिबायोटिकांशी भांडण कमी आहे, पण क्लॅरिथ्रोमायसिनपासून जपावे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 66 वर्षे आणि त्यापुढच्या सुमारे 25 हजार लोकांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवी गोळी चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्यांत महिनाभरात मोठा रक्तस्राव होऊन भरती व्हावे लागलेले हजारी साधारण 8 निघाले. ॲझिथ्रोमायसिन घेतलेल्यांत हजारी 4. धोका दुपटीच्या जवळ, आणि तरीही हजारातील 990 हून अधिक लोकांना काही झाले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घाबरण्याचे कारण नाही, पण ॲझिथ्रोमायसिन चालण्यासारखे असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन कशाला?

"मग एसिट्रॉम सोडून नवी गोळीच देऊन टाका ना," असे काही घरचे म्हणतात. धातूची झडप असलेल्यांना नव्या गोळ्या देत नाहीत. लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झालेल्यांसाठीही जुनी गोळीच बरी. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांना रिव्हरॉक्साबानपेक्षा जुन्या गोळीचा फायदा जास्त दिसला. आपल्या देशात असे रुग्ण भरपूर आहेत, त्यामुळे आयएनआर आपल्याला लवकर सोडणार नाही.

रक्त कोणत्या दिवशी तपासायचे

वॉरफेरिन किंवा एसिनोक्युमेरॉल चालू असेल तर अँटिबायोटिक सुरू करतानाच एक आयएनआर करून घेणे चांगले. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दुसरा, तब्येत सुधारली असली तरी. कोर्स लांबला तर दर आठवड्याला. आणि कोर्स संपल्यावर साधारण आठवड्याने पुन्हा एक. हा शेवटचा सगळ्यात जास्त चुकवला जातो. कोर्स चालू असताना गोळीची मात्रा कमी केली असेल, तर अँटिबायोटिक थांबल्यावर तीच मात्रा अपुरी पडते आणि गुठळीचा धोका परत येतो.

गावातली लॅब रक्त गोळा करून अमरावतीला पाठवत असेल तर रिपोर्ट कधी येणार ते विचारून घ्या, आणि रिपोर्ट आल्यावर तो कुणाला दाखवायचा हेही आधीच ठरवा. शनिवारी संध्याकाळी आलेला 6 चा आकडा सोमवारपर्यंत पिशवीत राहू नये. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. या तपासणीची नळी वेगळी असते आणि तिच्यात खुणेपर्यंत रक्त भरावे लागते. कमी भरले तर आकडा खोटाच जास्त येतो. आकडा अचानक विचित्र आला आणि माणूस ठणठणीत असेल, तर डॉक्टर आधी तपासणी पुन्हा करायला सांगतात, ते यासाठी.

टीबीची औषधे: उलटा प्रकार

टीबीच्या उपचारातील रिफॅम्पिसिन यकृताला मंद करत नाही, उलट जोरात कामाला लावते. रक्त पातळ करणारी गोळी भराभर मोडली जाते, आयएनआर आठवडा-दोन आठवड्यांत खाली येतो, आणि मात्रा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त करावी लागते. टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा. तो संपला की पुढच्या काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होते, आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर रक्तस्राव होतो. म्हणून टीबीचे उपचार सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा, हृदयाच्या डॉक्टरांना कळवा. नव्या गोळ्या आणि रिफॅम्पिसिन सहसा एकत्र देतच नाहीत. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. पण शंका असेल तर लघवी तपासून घ्या.

'उंदराचे औषध' म्हणून घाबरू नका

मोबाइलवर कुणीतरी पाठवते की ही गोळी म्हणजे उंदीर मारायचे विष, आणि घरात गोळी बंद होते. गोष्ट खरी आहे, अर्थ चुकीचा. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्यावरून पुढे बनलेले वॉरफेरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही 1955 च्या हृदयविकारानंतर ते दिले होते. सगळा खेळ मात्रेचा आहे, आणि मात्रा सांभाळण्यासाठीच आयएनआर असतो.

केव्हा थांबायचे नाही

डांबरासारखी काळी, चिकट शौच; रक्ताची उलटी; लाल लघवी; दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे नाकाचे रक्त; कारण नसताना अंगावर मोठे काळेनिळे चट्टे. यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसात ते गृहीत धरू नका. अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, किंवा वयस्कर माणूस एकाएकी गोंधळून असंबद्ध बोलू लागणे, असे झाले तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. डोक्यावर पडले असतील तर वरून खूण नसली तरी तसेच. सोबत गोळीचे पाकीट, शेवटचा आयएनआर आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी घ्या. गोळीचा परिणाम उतरवायला डॉक्टरांकडे उपाय आहेत. गोळी कोणती ते कळले तर ते लवकर सुरू होतात.

दात काढायचा असेल तर

दाताच्या दवाखान्यात अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि एक वेदनाशामक असे त्रिकूट नेहमी लिहिले जाते. वर सांगितलेले जवळजवळ सगळे धोके या एका चिठ्ठीत येतात. एखादा दात काढण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी सहसा थांबवावी लागत नाही. आधीच्या एक-दोन दिवसांतला आयएनआर मर्यादेत असला आणि नंतर कापूस नीट दाबून ठेवला तर रक्त थांबते. खुर्चीत बसण्यापूर्वी दंतवैद्यांना गोळी सांगा, मेट्रोनिडाझोलची खरेच गरज आहे का ते विचारा, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल मागा, आणि पाच दिवसांनी आयएनआर कुठे करायचा ते तिथेच ठरवून निघा.